तालुक्याच्या कॉलेजात गरजू पोरांसाठी शिष्यवृत्ती सुरू करायची असेल तर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात नोकरीची बरीचशी वर्षं मी शिष्यवृत्तीच्या टेबलावर काढली. निवृत्तीनंतर आता माजी विद्यार्थी संघाच्या शिष्यवृत्तीचं काम बघतो. दिवाळीत गावाकडे आलेली जुनी पोरं भेटतात. कोणी पुण्यात इंजिनिअर, कोणी नागपूरला बँकेत, कोणी झेडपीत मास्तर. म्हणतात, ‘मोठे बाबू, कॉलेजसाठी काही करायचं हाये, कसं करू?’ त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथे सविस्तर लिहितो आहे. आपापल्या तालुक्यात हे करू पाहणाऱ्या कोणालाही उपयोगी पडावं.

आधी चौकशी, मग पैसे

देणगी म्हटली की बहुतेकांना फी आठवते. पण साध्या बी.ए., बी.कॉम.च्या पोरांचं फीवाचून सहसा अडत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना अडीच लाखांच्या उत्पन्न मर्यादेत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांच्या योजना आहेत, खुल्या प्रवर्गाला आठ लाखांच्या उत्पन्नापर्यंत राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचे असतात. खोली करून राहणाऱ्यांसाठी स्वाधार, स्वयम्, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता या योजना आहेत. तेव्हा एक रुपयाही गोळा करण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती टेबलावर जाऊन बसा आणि विचारा: मागच्या वर्षी अर्ज किती भरले, किती परत आले, कशासाठी परत आले, आणि पैसे प्रत्यक्षात कोणत्या महिन्यात जमा झाले?

खरी अडचण तिथे कळते. कोणाचं आधार बँक खात्याला जोडलेलं नसतं. कोणाच्या टीसीवर एक नाव आणि आधारवर दुसरं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला दोन चकरा झाल्या की बापाची दोन दिवसांची मजुरी बुडते. आणि सगळं नीट झालं तरी पैसे यायला वर्ष उलटतं. तोवर पोराने जगायचं कशावर, या प्रश्नाला सरकारी योजनेत उत्तर नाही. देणगीदाराच्या पैशाची जागा नेमकी इथे आहे.

खेड्यावरून येणारी एखादी मुलगी घ्या. बारावीपर्यंत तिला एसटी मोफत होती. बी.ए.ला आली की महिन्याचा पास काढावा लागतो. सवलत मोठी आहे, ६६.६७ टक्के, पण उरलेले पैसे दर महिन्याला रोख लागतात. सकाळची गाडी चुकली तर काळीपिवळीचं भाडं वेगळं. घरात दोन पोरं शिकत असतील तर आधी पास कोणाचा निघतो हे आमच्याकडे कोणालाही विचारा.

दुसरी गोष्ट परीक्षेच्या फॉर्मची. ऑक्टोबरात हिवाळी परीक्षेचे फॉर्म सुरू असताना कॉलेजच्या खिडकीपाशी तासभर उभं राहा. सोयाबीन निघालेलं असतं, पण बारा टक्क्यांच्या वर ओलावा म्हणून भाव पाडलेला असतो. कापसाचा पहिला वेचा अजून घरातच पडून असतो. पोरगा येतो, फॉर्मची रक्कम विचारतो, कागदाची बारीक घडी करून वरच्या खिशात ठेवतो आणि म्हणतो, ‘बाबा म्हनते चुकारा आला का देतो.’ चुकारा म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे. मग विलंब शुल्क लागतं, पुढे त्याहून मोठं विलंब शुल्क लागतं. काही पोरं त्या खिडकीवर परत येतच नाहीत. अशा पोराच्या नावापुढे नापासचा शेरा लागत नाही, ते परीक्षेला बसतच नाही. आणि अडलेलं असतं ते काही शेकड्यांवर. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की कोणी मोठ्या रकमेच्या एकाच ‘गुणवंत’ पुरस्काराची गोष्ट काढली की मी त्यांना आधी त्या खिडकीवर घेऊन जातो.

पैसे कोणत्या महिन्यात हवेत

देणगीदाराचा पैसा मार्चमध्ये येतो, कारण तेव्हा त्याला टॅक्सची आठवण होते. कास्तकाराच्या घरात सगळ्यात जास्त ओढाताण जून-जुलैत असते. बियाणं, खत आणि मजुरी यांत सगळा पैसा वावरात गेलेला असतो आणि कॉलेजचे प्रवेश तेव्हाच. म्हणून मार्चला आलेला पैसा खात्यात राहू द्या आणि जूनमध्ये वाटा. आमच्याकडे रकमेचे तीन भाग करतो. पहिला प्रवेशाच्या वेळी, दुसरा ऑक्टोबरात हिवाळी फॉर्मच्या आधी, तिसरा उन्हाळी फॉर्मच्या आधी. तिन्ही वेळा शेवटच्या तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी पैसे पोचले पाहिजेत. फॉर्मची तारीख गेल्यावर दिलेली मदत म्हणजे पेरणी उलटल्यावर आलेलं बियाणं.

पैसा कोणाच्या नावावर

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण बहुतेक निधी इथेच बुडतात.

कोणत्याही प्राध्यापकाच्या, प्राचार्याच्या किंवा तुमच्या स्वतःच्या फोनपेवर देणगी घेऊ नका. माणूस कितीही सज्जन असला तरी नाही. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघ आहे का हे विचारतात, त्यामुळे आता बऱ्याच कॉलेजांत असा संघ कागदावर तरी असतो. तो जिवंत आहे का बघा: धर्मादाय कार्यालयात ऑडिट रिपोर्ट भरले आहेत का, विश्वस्तांच्या बदलाची नोंद झाली आहे का. जिवंत असेल तर शिष्यवृत्तीसाठी त्याचं वेगळं बँक खाते उघडा, दोघांच्या सह्यांनी चालणारं. शासकीय कॉलेज किंवा तंत्रनिकेतन असेल तर हाच रस्ता सोयीचा, कारण तिथल्या प्राचार्यांचे हात सरकारी लेखा नियमांनी बांधलेले असतात. संघ नसेलच तर कॉलेज चालवणाऱ्या संस्थेकडे जा, पण ‘हा निधी फक्त विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी’ असा ठराव करून त्याची प्रत हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

आमचं विद्यापीठ गाडगेबाबांच्या नावाचं आहे. लोकांच्या देणग्यांतून त्यांनी मोठमोठ्या धर्मशाळा उभ्या केल्या, त्या विश्वस्तांच्या हवाली केल्या आणि स्वतः अंगावरच्या चिंध्यांनिशी राहिले. देणगीच्या पैशाशी कसं वागायचं याचं एवढं मोठं उदाहरण आपल्या मातीत असताना दुसरं कशाला शोधायचं!

टॅक्सचं थोडक्यात. संस्थेला ८०जी (देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारी आयकर खात्याची मान्यता) असेल तर जुन्या करप्रणालीत देणगीदाराला साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते. नव्या करप्रणालीत ती मिळत नाही, हे आधीच स्पष्ट सांगा. दोन हजारांच्या वरची रोख देणगी वजावटीला चालत नाही. संस्थेने देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे भरल्याशिवाय त्याला प्रमाणपत्र निघत नाही, म्हणून पावती फाडतानाच पॅन आणि पत्ता घ्या.

आणि परदेशातला पैसा. भारतीय पासपोर्ट असलेला आपला माणूस दुबईतून स्वतःच्या पगारातून पाठवत असेल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. पण त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर एफसीआरए म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही, मग तो आपल्याच आळीतला का असेना. ही नोंदणी असली तरी तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. छोट्या निधीने या भानगडीत पडू नये. अशा माणसाला सांगा, तुमच्या इथल्या भावाला त्याच्या स्वतःच्या कमाईतून द्यायला लावा.

ठेव की दरवर्षीचा वर्गणीदार

बरेच जण आईच्या किंवा वडिलांच्या नावाने एकदाच लाख रुपये देऊ म्हणतात. भावना मोठी आहे, पण गणित मांडून दाखवा. सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला ७,००० रुपये. त्यात आज दोन-तीन पोरांचे पास आणि फॉर्म निघतील, दहा वर्षांनी एकाचाच निघेल. म्हणून व्याजातले हजार-दीड हजार दरवर्षी परत मुद्दलात टाकायचे, अशी अट सुरुवातीलाच लिहून घ्या. ‘ही रक्कम कायम ठेव म्हणून’ असं देणगीदाराचं सहीचं पत्रही फाइलला लावा, हिशोबात त्याची गरज पडते.

जास्त व्याज देते म्हणून गावातल्या पतसंस्थेत ठेवा, असा आग्रह होतो. ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. बुडालेल्या पतसंस्थेच्या दारात पावती घेऊन उभी असलेली माणसं आपल्या भागाने पाहिली आहेत.

माझा स्वतःचा कल तीन वर्षांच्या वर्गणीदाराकडे आहे. जो माणूस म्हणतो, ‘एका पोराचं पहिल्या वर्षापासून तिसऱ्या वर्षापर्यंत मी बघतो,’ त्याची मदत मला लाखाच्या ठेवीहून मोलाची वाटते. तीन पोरांना एकेक वर्ष देण्यापेक्षा एकाला पदवीपर्यंत न्या. अर्धवट सोडलेल्या बी.ए.ची किंमत बाजारात शून्य असते.

मागणी करताना आकडा आणि काम दोन्ही सांगा. आमचा निरोप साधारण असा असतो:

‘नमस्कार. आपल्या कॉलेजात खेड्यावरून येणाऱ्या मुलामुलींसाठी संघ निधी जमा करत आहे. यंदा बारा विद्यार्थ्यांचे एसटी पास आणि दोन्ही परीक्षांचे फॉर्म भरायचे आहेत. पैसे संघाच्या खात्यातच टाकावेत, रोख कोणाकडेही देऊ नये. पॅन आणि पत्ता कळवल्यास पावती पाठवू. रक्कम ३१ मेपर्यंत यावी, म्हणजे जूनमध्ये पोरांच्या हातात पडेल. खर्चाचा हिशोब दिवाळीला देऊ.’

यापेक्षा लांब लिहू नका. गरिबीची वर्णनं करून पैसे मागू नका, आपलीच पोरं आहेत ती.

निवड

टक्केवारीवर निवड केली की तालुक्याच्या गावात राहणारं, ट्यूशन लावलेलं पोरगं वर येतं. गुणांची अट पास होण्यापुरती ठेवा. अर्ज एका पानाचा आणि मराठीत असावा. घरात कमावते किती, शिकणारे किती, गाव किती किलोमीटर, रोज कसा येतोस आणि नेमके कशासाठी पैसे हवेत, एवढं पुरतं.

कागदांचा आग्रह धराल तर ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तेच गळतील. सातबारा मागितला तर मक्त्याने वावर करणारा आणि रोजमजूर बाहेर जातो. ‘आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला प्राधान्य’ ही अट चांगल्या मनाने घातली जाते, पण त्याचा दाखला मागू नका. अशा मृत्यूची प्रकरणं जिल्हा समितीपुढे पात्र की अपात्र ठरतात. कर्ज बँकेचं नसून परवाना नसलेल्या सावकाराचं होतं, जमीन दुसऱ्याच्या नावावर होती, अशा कारणांनी कितीतरी घरं अपात्र ठरली आहेत. त्या घरातल्या पोरीला आपण पुन्हा तोच कागद मागायचा? वर्गशिक्षक आणि गावातला एखादा जबाबदार माणूस यांच्याकडून खात्री करा, पुरे.

निवड समितीत तिघं असावेत. त्यात एक महिला प्राध्यापक आणि एक ऑफिसचा माणूस हवाच. सकाळच्या गाडीने येणारी पोरं कोणती, हे ऑफिसच्या माणसाला ठाऊक असतं आणि मुली जे बोलतात ते मॅडमपाशीच बोलतात. देणगीदाराने नाव सुचवायचं नाही, हेही आधीच ठरवा. ‘फक्त आमच्या समाजाच्या मुलाला’ असं म्हणणारे येतात. मी त्यांना नम्रपणे समाजाच्या ट्रस्टकडे पाठवतो. आमच्या कॉलेजात सगळी पोरं एकाच बाकावर बसतात.

हातात देताना

परीक्षेचे पैसे थेट कॉलेजात भरून पावती विद्यार्थ्याला द्या. बाकीचे त्याच्या स्वतःच्या खात्यात टाका. बापासोबत जॉइंट खाते असेल तर सावध राहा. पीककर्ज थकलेलं असलं की बँक ते खाते होल्डवर टाकू शकते आणि पोराचा पासाचा पैसा अडकतो. नववीत उघडलेलं खाते केवायसीवाचून बंदही पडलेलं असतं. पहिला हप्ता टाकण्याआधी प्रत्येकाला पासबुकात एन्ट्री मारून आणायला सांगा.

स्टेजवर बोलावून, मोठा चेक हातात देऊन फोटो काढू नका. अठरा वर्षांच्या पोरीला वर्गमैत्रिणींसमोर ‘गरजू’ म्हणून उभं करणं मला सहन होत नाही. देणगीदाराचा सत्कार करा, शाल-श्रीफळ द्या, त्याच्या आईच्या नावाची पाटी लावा, पण पोरांची नावं समितीपाशीच राहू द्या. दिवाळीच्या हिशोबात रक्कम, कशावर खर्च झाली आणि किती पोरं परीक्षेला बसली एवढंच कळवा. कोणाला आपणहून पत्र लिहावंसं वाटलं तर लिहू द्या.

मध्येच कोणी यायचं थांबलं तर नाव लगेच कापू नका. मुलगा पुण्याकडे कंपनीत कामाला गेला असेल, मुलीसाठी घरात स्थळं बघणं सुरू झालं असेल. मॅडमनी घरी फोन करावा, जमलं तर जाऊन यावं. ‘तिच्या पासाचे पैसे भरलेले आहेत, तेवढी परीक्षा होऊ द्या’ हे वाक्य आईबापाला पटतं, कारण आता त्यांच्या खिशाला चाट बसत नसते. तिचा हप्ता पुढच्या सत्रापर्यंत राखून ठेवा, नंतरच दुसऱ्याला द्या.

अर्जाचं पान मात्र बारावीच्या निकालाआधीच छापून घ्या. निकाल लागला की झेरॉक्सच्या दुकानात आठवडाभर उभं राहायला जागा मिळत नाही.