कुख्यात आरोपी आणि नवखा वार्ताहर : इंदूरच्या कोर्टातून

मी इंदूरच्या जिल्हा न्यायालयाच्या बातम्या एका हिंदी दैनिकासाठी लिहितो. देवी अहिल्या विश्वविद्यालयातून पत्रकारिता शिकून या कामात येऊ पाहणाऱ्या इथल्या मराठी मुलामुलींना मी आधी भारतीय साक्ष्य अधिनियमातील दोन कलमे वाचायला सांगतो. कलम 23 प्रमाणे पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, आणि कलम 49 प्रमाणे आरोपीचे पूर्वीचे वाईट चारित्र्य साधारणपणे गैरलागू असते. पोलीस ठाण्यातून येणाऱ्या प्रेसनोटमध्ये मात्र नेमके हेच ठळकपणे लिहिलेले असते, की 'निगरानी बदमाश' (पोलिसांच्या पाळतीवरील गुन्हेगार) असलेल्या अमक्याने गुन्हा कबूल केला.

हे छापल्याने काही बिघडत नाही, कारण आपल्याकडे आता ज्युरी (सामान्य नागरिकांचे निर्णय देणारे मंडळ) नाही आणि न्यायाधीश वर्तमानपत्र वाचून निकाल देत नाहीत, असे अनुभवी सहकारी सांगतील. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील 1959 च्या खुनाच्या खटल्यात 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने आरोपीची बाजू उघडपणे उचलून धरली होती आणि ज्युरीने 8 विरुद्ध 1 मतांनी त्याला निर्दोष ठरवले होते. पुढे उच्च न्यायालयाने त्याला दोषी ठरवले आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. परंतु ज्युरी गेली तरी साक्षीदार उरतोच, आणि माझ्या मते खरे नुकसान तिथे होते.

ओळख परेडचेच पाहा. अनोळखी हल्लेखोराला साक्षीदार ओळखतो का, हे तपासण्यासाठी कारागृहात दंडाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत आरोपीला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतरांमध्ये उभे करतात. त्याआधीच त्याचा उघडा चेहरा पहिल्या पानावर आला असेल, तर उलटतपासणीत बचावपक्षाचा वकील ते वर्तमानपत्र दाखवून, 'हा फोटो तुम्ही पाहिला होता ना?' असे विचारतो आणि ओळखीचा पुरावा लंगडा पडतो. निर्दोष माणूस चुकीने ओळखला जाण्याचा धोका तर आहेच; पण खरा गुन्हेगार सुटण्याची वाटही अशा छायाचित्राने मोकळी होते, हे 'कुख्यात' हा शब्द उत्साहाने वापरणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

कायद्याचे संरक्षण इथे तोकडे आहे, कारण न्यायाला बाधा आणणारे लिखाण अवमान ठरू शकते ते प्रकरण प्रलंबित असतानाच. न्यायालय अवमान अधिनियम, 1971 च्या कलम 3 च्या दृष्टीने फौजदारी प्रकरण प्रलंबित धरले जाते ते चालान (म्हणजे आरोपपत्र) सादर झाल्यावर किंवा न्यायालयाने समन्स अथवा वॉरंट काढल्यावर. ही मर्यादा अटकेपासून धरावी, असे विधी आयोगाने 2006 च्या 200 व्या अहवालात सुचवले होते. म्हणून अटक ते चालान या काळात वार्ताहराने स्वतःच हात आखडता घ्यावा लागतो. त्या काळात 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार' हे शब्द प्रत्येक आरोपाला जोडावेत, ओळख परेड बाकी आहे का हे तपास अधिकाऱ्याला विचारूनच छायाचित्र द्यावे, आणि रिमांडच्या अर्जावरील बचावपक्षाचा युक्तिवादही ऐकून लिहावा. चालान आल्यावर ते मुळातून वाचावे. प्रेसनोटमधल्या 'मास्टरमाइंड'चा त्यात कित्येकदा उल्लेखही नसतो, आणि माझ्या दृष्टीने ती स्वतंत्र बातमी असते.