वेबसाइटचा चार्ज नव्या माणसाला देण्याआधी

दर तीन महिन्यांनी एजन्सीकडून नवा मुलगा किंवा मुलगी येणार आणि बँकेच्या वेबसाइटवरचा मजकूर सांभाळणार, असं तुमच्या हेड ऑफिसनं ठरवलं असेल, तर पहिला माणूस येण्याच्या आठवडाभर आधी कामाला लागा. टेबल, कॉम्प्युटर, आयकार्ड, गोपनीयतेच्या कागदावर सही हे एचआर बघेल.

सगळ्यात आधी आकड्यांची वही करा. एक्सेल चालेल, दोनशे पानी वही चालेल, पण करा. वेबसाइटवरचा प्रत्येक आकडा कुठे कुठे आहे, याची नोंद. मागच्या वेळी मी ती केली नव्हती. आधीची मुलगी ३० तारखेला गेली, नवा मुलगा ३ तारखेला आला आणि मधे १ तारखेला मुदत ठेवीचे दर कमी केल्याचं परिपत्रक निघालं. मुलानं व्याजदराचं इंग्रजी पान बदललं, मी तपासलं, बरोबर होतं. पण तोच दर मराठी पानावर होता, ज्येष्ठ नागरिकांच्या पीडीएफमध्ये होता आणि होमपेजच्या बॅनरवर तर चित्रातच होता, म्हणजे सर्च करूनही सापडला नसता. ही चारही ठिकाणं त्या मुलीला पाठ होती. कागदावर कुठेच नव्हती.

पंधरा दिवसांनी लक्ष्मी रोडच्या शाखेत एक आजोबा मराठी पानाची प्रिंट घेऊन आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेली, खाली ब्राउझरनं छापलेली तारीख, दराभोवती निळ्या पेनाचं वर्तुळ. ठेव त्यांनी आदल्याच दिवशी केली होती आणि पावतीवर दर कमी होता. "हे तुमच्याच साइटवर आहे ना?" एवढंच विचारलं. आवाजही चढवला नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या मुलाला बोल लावू नका, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून वहीत चार रकाने हवेत: आकडा, कुठे कुठे आहे, कोणत्या परिपत्रकावरून आला, कोणत्या विभागाला विचारायचं. बँकेबाहेर ठरणारे आकडेही त्यात घ्या. ठेवीवरचा विमा ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखाचा ५ लाख झाला. जुन्या माहितीपत्रकात अजून १ लाख आहे का ते उघडून बघा. व्याजावरच्या टीडीएसची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ४० हजारांवरून ५० हजार झाली, ज्येष्ठांची ५० हजारांवरून १ लाख. म्हणजे ५० हजार हा आकडा ज्येष्ठांसाठी जुना आणि बाकीच्यांसाठी नवा. नवखा माणूस शोधा-आणि-बदला करायला गेला तर दोन्ही बिघडवेल. कोणत्या पानावरचे ५० हजार कोणाचे, हे वहीतच लिहिलेलं पाहिजे.

लॉगिन प्रत्येकाचं वेगळं. सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड देऊ नका, कितीही घाई असली तरी. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग, म्हणजे कोणी कधी काय केलं याच्या नोंदी, १८० दिवस जपायचे असतात, पण एकाच नावानं चौघांनी काम केलं असेल तर त्या लॉगमधून कळणार काय? ओटीपी ऑफिसच्या नंबरवर यावा, मुलाच्या मोबाइलवर नाही. त्यानं मजकूर भरायचा, प्रसिद्ध करायचं बटण कायम कर्मचाऱ्याकडेच. जाणाऱ्याचं लॉगिन त्याच संध्याकाळी बंद.

शाखांकडून मराठी मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये आला तर तो साइटवर चिकटवल्यावर नुसती खुणांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये करून, मोबाइलवर उघडून, वाचून मगच पुढे. आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड, ११ अक्षरांचा, पाचवं कायम शून्य. तिथे इंग्रजी ओ टाइप होतो. पहिल्याच दिवशी दाखवा.

रिझर्व्ह बँकेनं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. जुना पत्ता पीडीएफमध्ये, फॉर्मवर राहिलेला असतो. तीही नोंद वहीत. हो, वहीतच.

सुट्ट्यांची यादी, दुसरा-चौथा शनिवार, विसर्जनाच्या दिवशी पेठांतल्या शाखांच्या वेळा, तक्रारींसाठी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा १४४४८ हा नंबर: तपासा.

जुना आणि नवा माणूस दोन दिवस एकत्र बसलेच पाहिजेत. एजन्सी दोघांचे पैसे मागेल. करारातच लिहून घ्या. त्या दोन दिवसांत त्यांनी वही उघडून एकेक ओळ साइटशी ताडून बघायची, बॅनर आणि पीडीएफसकट. शेवटी दोघांची सही, तारखेसह. त्या सह्या झाल्याशिवाय नव्याचं लॉगिन सुरू करू नका.