कॅस्टिगेट म्हणजे शिक्षा नव्हे, हे मला उशिरा कळलं

भाषांतराच्या कामात नवीन असाल तर हा माझा फजितीचा किस्सा वाचाच. पहिल्याच महिन्यात एक बातमी आली, कोर्टाने अधिकाऱ्यांना कॅस्टिगेट केलं अशी. मी डिक्शनरी उघडली, तिथे पनिश दिसलं आणि बिनधास्त लिहून टाकलं, 'कोर्टाने अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावली'. सिनियर मॅडमनी एवढंच विचारलं, "किती वर्षांची?" परत बातमी बघितली तर ना दंड ना जेल, जजसाहेब नुसते भडकले होते. मॅडमनी माझे दोन शब्द खोडून वर लिहिलं, 'ताशेरे ओढले'. झालं!

मग चिडून या शब्दाच्या मुळाशी गेले. लॅटिनमध्ये कास्तुस म्हणजे शुद्ध, त्यावरून कास्तिगारे, म्हणजे चूक सुधारून सरळ करणे, त्यात बोल लावणंही आलं आणि मार देणंही आलं. इंग्लिशमध्ये हा 17व्या शतकाच्या सुरुवातीला आला. चॅस्टाइझ हा त्याचाच भाऊ, पण तो फ्रेंचमार्गे कितीतरी आधी येऊन बसलेला. डिक्शनरीत पनिश असतं ते या जुन्या अर्थामुळे, आता वापरात मात्र उरलाय तो शब्दांचा मार, तोही सणसणीत आणि बहुतेक वेळा चारचौघांत.

मराठीत एकच शब्द धरून बसू नका, कोण कोणाला बोलतंय ते बघा. कोर्ट असेल तर ताशेरे, पेपरवाले असतील तर टीकेची झोड, बॉस असेल तर खरडपट्टी. कानउघाडणी मला इथे जरा मवाळ वाटते, त्यात माया असते. इंग्लिशमध्ये लिहिताना कशाबद्दल झापलं ते सांगायला पुढे 'फॉर' लावा, आणि आई पोराला पसाऱ्यावरून ओरडली तर तिथे साधं स्कोल्ड पुरे, कॅस्टिगेट म्हटलं तर तिने घरात सभा भरवली असं वाटेल. उच्चारात जोर पहिल्या 'कॅ'वर, मी कित्येक दिवस 'गेट'वर देत होते.

अजून एक गंमत, पूर्वी ग्रंथातल्या चुका दुरुस्त करण्यालाही कॅस्टिगेटच म्हणायचे. म्हणजे त्या दिवशी मॅडमनी माझ्या कॉपीचं जे केलं ते जुन्या अर्थाने अगदी तंतोतंत हेच, मला मात्र एका शब्दानेही बोलल्या नाहीत.