‘कंट्रोलर एरर’ आला म्हणून हार्डडिस्क बदलू नका: डेस्कटॉपची तपासणी कशी करायची

डेस्कटॉप मधूनच अर्धा-एक मिनिट गोठतो, कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा पेटलेलाच राहतो आणि मग काही झालंच नाही अशा थाटात काम पुढे सुरू होतं. किंवा मशीन चालू करताना काळ्या पडद्यावर ‘हार्ड डिस्क कंट्रोलर फेल्युअर’ एवढीच ओळ येते. ठाणे-नवी मुंबईत सोसायटीच्या ऑफिसात, क्लासेसमध्ये, सीएंच्या टेबलाखाली आठ-दहा वर्षं राबलेली अशी मशीन भरपूर आहेत. तिथे या तक्रारीवर दोनच औषधं दिली जातात: ‘फॉरमॅट मारू’ नाहीतर ‘नवीन डिस्क टाकू’. दोन्ही घाईची.

विंडोज कंट्रोलरचं नाव घेतं, कारण त्याला एवढंच कळलेलं असतं की डिस्ककडे मागणी पाठवली आणि उत्तर आलं नाही, किंवा तुटकं आलं. त्या वाटेवर मदरबोर्डच्या चिपसेटमधला (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपमधला) साटा कंट्रोलर असतो, म्हणजे डिस्कशी बोलणी करणारा भाग; साटा हे डिस्क जोडायच्या पद्धतीचं नाव. मग पोर्ट असतं, केबल असते, डिस्कच्या पोटाखालचा सर्किट बोर्ड असतो आणि या सगळ्याला लागणारी एसएमपीएसची, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायची वीज असते. चिपसेट आपणहून मेल्याचं क्वचितच आढळतं. केबल, कनेक्टर आणि वीज यांत दोष सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त. म्हणून तपासणी स्वस्त वस्तूकडून महाग वस्तूकडे करायची.

आधी कॉपी

काहीही उघडण्याआधी महत्त्वाच्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर घ्या. टॅलीचा डेटा फोल्डर, आउटलुकची पीएसटी फाइल, फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं, या क्रमाने. संपूर्ण ड्राइव्ह एकदम ओढू नका. मध्ये डिस्क अडकली की सगळीच कॉपी थांबते, आणि नेमकं हवं ते शेवटी राहतं.

सुरुवातीलाच विंडोजमधलं डिस्क तपासणारं ‘चेकडिस्क’ चालवणं ही सर्वात महागात पडणारी चूक. चेकडिस्क फाइल सिस्टिम (कुठली फाइल कुठे आहे याची नोंदवही) सुसंगत करतं, तुमच्या फाइल्स वाचवणं हे त्याचं काम नाही. केबल खराब असताना ते चालवलं तर चुकीच्या वाचनावरून धड नोंदीही ‘दुरुस्त’ होतात. डिस्कच मरायला टेकली असेल, तर पूर्ण पृष्ठभाग वाचण्याचा ताण तिला संपवतो. डिस्कमधून टिक-टिक किंवा खरडल्यासारखा आवाज येत असेल आणि डेटा मोलाचा असेल, तर कॉपीचाही प्रयत्न नको. मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा.

डिस्क वाचली जाते पण सारखी अडखळते, अशा वेळी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे डिस्कची नक्कल करणारं साधन चांगलं. ते सोपा भाग आधी उचलतं, अवघड जागा शेवटी परत वाचतं आणि कुठवर आलं याची नोंद ठेवतं. नक्कल ठेवायची डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी.

लॉगमधली नोंद

स्टार्ट बटणावर राइट-क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिमवर जा. ‘डिस्क’, ‘स्टोरएएचसीआय’ किंवा इंटेलच्या ड्रायव्हरच्या नावाने आलेल्या नोंदी शोधा. इव्हेंट आयडी ११ म्हणजे ड्रायव्हरला कंट्रोलर एरर दिसला. १२९ म्हणजे उत्तराची वाट पाहून विंडोजने पोर्ट रीसेट केलं. तो गोठण्याचा प्रकार बहुतेक वेळा हाच. १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. ७ म्हणजे बॅड ब्लॉक, तिथे संशय थेट डिस्कवर.

११ च्या नोंदीत ‘हार्डडिस्क१’, ‘हार्डडिस्क२’ असा क्रमांक असतो. त्याच राइट-क्लिकच्या मेनूतून डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि तो क्रमांक तिथल्या डिस्क १, डिस्क २ शी जुळवा. ही पायरी गाळू नका. तो क्रमांक पुष्कळदा पेनड्राइव्हचा, कार्ड रीडरचा किंवा ‘सेफली रिमूव्ह’ न करता उपटलेल्या बाहेरच्या डिस्कचा निघतो आणि आतल्या हार्डडिस्कचा काही संबंधच नसतो. क्रमांक मशीन सुरू करताना बदलूही शकतात, त्यामुळे जुळवणी मशीन बंद करण्याआधी, ताज्या नोंदीवरूनच करा. नोंदींच्या वेळाही पाहा. रोज सकाळी चालू करतानाच येत असतील तर वीज किंवा सैल कनेक्टर. मोठी फाइल कॉपी करतानाच येत असतील तर केबल. मशीन बराच वेळ नुसतं पडून राहिल्यावर येत असतील तर पॉवर सेव्हिंग.

स्मार्टचे आकडे

डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. ती बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम उघडा. त्यात रॉ व्हॅल्यू (मूळ आकडे) सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत दिसतात. फंक्शन मेनूत अॅडव्हान्स्ड फीचर, मग रॉ व्हॅल्यूज, तिथे दशमान पद्धत निवडा. आता चारच ओळी बघा: ०५, सी५, सी६ आणि सी७.

०५ म्हणजे बदली केलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाच्या प्रतीक्षेतले, सी६ म्हणजे हाती न लागलेले. यांतला कुठलाही आकडा आठवड्यागणिक वाढत असेल, तर डिस्कची रजा जवळ आली आहे; केबल बदलून काही होणार नाही. मात्र सी५ मध्ये दोन-चार असणं म्हणजे मृत्युपत्र नव्हे. लिहिताना अचानक वीज गेली तरी असे सेक्टर तयार होतात, आणि त्या जागी पुन्हा नीट लिहिलं गेलं की आकडा शून्यावर येतो.

सी७ वेगळा. तो वाटेत बिघडलेल्या डेटाचा हिशेब ठेवतो, म्हणजे केबल, कनेक्टर किंवा पोर्ट. नवी केबल लावली तरी तो शून्य होत नाही, म्हणून नुसता मोठा आकडा बघून घाबरण्यात अर्थ नाही. तो कागदावर लिहून ठेवा, केबल बदला, ५०-१०० जीबीची कॉपी करा आणि पुन्हा पाहा. जागचा हलला नाही तर दोष सापडला.

सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ चे आकडे कोटींत दिसतात. ती त्यांची मोजण्याची पद्धत आहे, दुर्लक्ष करा.

कॅबिनेट उघडल्यावर

मशीन बंद, मागचा स्विच बंद, प्लग भिंतीतून बाहेर. मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा.

साटाची डेटा केबल सात पिनांची, पॉवरची पंधरा पिनांची. दोन्ही काढून परत घट्ट बसवणं हाच अर्धा इलाज. डेटा केबल एक मीटरपर्यंत चालते, पण कॅबिनेटमध्ये ४०-५० सेंटीमीटर पुरते आणि तेवढीच घ्यावी. धातूची क्लिप असलेली घ्या, आणि घडी घालून रबरबँडने बांधू नका. आतल्या तारांचं अंतर बिघडलं की सी७ चढू लागतो. शंभर रुपयांच्या आसपासची ही वस्तू ठाणे स्टेशनच्या परिसरात किंवा वाशीत सेक्टर १७ मध्ये मिळते. तिच्यासाठी दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोड गाठायची गरज नाही. एक नव्हे, दोन घ्या. नवी केबलही खराब निघते आणि मग निदान भलतीकडे जातं.

एका वेळी एकच बदल. आधी केबल, मग तपासणी. फरक नाही तर पोर्ट, परत तपासणी. सगळं एकदम बदललं तर मशीन चालेल, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि खराब केबल ‘असू दे, लागेल’ म्हणून ड्रॉवरमध्ये जपली जाईल.

पोर्ट बदलताना दोन गोष्टी. एम.२ एसएसडी (मदरबोर्डवरच्या खाचेत थेट बसणारी) लावली की अनेक मदरबोर्डवर एखाद-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. नवीन एसएसडी टाकल्यावर जुनी डिस्क ‘गायब’ झाली तर मॅन्युअलमध्ये हेच आधी शोधा. दुसरं, २०११ च्या सुरुवातीची इंटेलची एच६७ आणि पी६७ चिपसेटची पहिली खेप. तिच्यात २ ते ५ या साटा पोर्टांमध्ये काळानुसार कमजोरी येण्याचा दोष होता आणि इंटेलने तो बी३ आवृत्तीत दुरुस्त केला. असा बोर्ड अजून चालू असेल तर डिस्क ० किंवा १ क्रमांकाच्या पोर्टवर हलवा. कंट्रोलर खरोखरच दोषी असलेलं हे दुर्मीळ उदाहरण.

खाडीकाठच्या दमट हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. ऐरोली, कोपरी, वाशी या बाजूला पावसाळ्यात धूळ आणि ओल मिळून कनेक्टरवर थर बसतो. सोन्याच्या पट्ट्या काळपट दिसल्या तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने हलकेच पुसा आणि पूर्ण वाळू द्या. डिस्कच्या सर्किट बोर्डाखालचे संपर्कबिंदूही असेच काळे पडतात. बोर्डाचे स्क्रू बहुधा टॉर्क्स टी६ असतात. तो सोडवून बिंदू साध्या खोडरबराने साफ करता येतात. पण वॉरंटी चालू असलेल्या डिस्कवर हा उद्योग करू नका, आणि वरचं झाकण तर कधीच उघडू नका.

वीज

३.५ इंची डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा १२ व्होल्टच्या लाइनवर २ अँपिअरच्या आसपास करंट ओढते. थकलेला एसएमपीएस त्या क्षणी वाकतो, डिस्क थांबून पुन्हा सुरू होते आणि लॉगमध्ये कंट्रोलर एरर पडतो. मशीन चालू असताना मोकळ्या चार पिनी मोलेक्स कनेक्टरवर मल्टिमीटर लावा: पिवळी-काळी तार ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल-काळी ४.७५ ते ५.२५. मोठी कॉपी चालू ठेवून मोजा. रिकाम्या मशीनवर आजारी एसएमपीएसही धडधाकट दिसतो. मोजताना दोन टोकं एकमेकांना टेकू देऊ नका. मोजण्याचा सराव नसेल तर शेजारच्या मशीनचा एसएमपीएस लावून बघणं बरं.

मोलेक्सवरून साटा करणारे सबंध प्लास्टिक ओतलेले स्वस्त अॅडॅप्टर वापरू नका. आतल्या तारा एकमेकींना भिडून ते जळाल्याची उदाहरणं आहेत.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात? अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून पत्र्यावर व्होल्टेज येतं आणि ते जमिनीत उतरायला वाट नसते. जुन्या इमारतींत हे नवीन नाही. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. २-३ व्होल्टच्या वर असेल तर आधी ते काम. पावसात महावितरणची वीज गेली-आली की जुनी डिस्क त्रास देते, तेव्हा यूपीएसची बॅटरीही तपासा. छोट्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची असते आणि दोन-तीन वर्षांत दमते.

बायोस आणि ड्रायव्हर

कालपर्यंत चालणारं मशीन सुट्टीनंतर अचानक निळ्या पडद्यावर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत असेल, तर घड्याळ बघा. तारीख जुनीच दाखवत असेल तर सीआर२०३२ ची नाणेबॅटरी संपून बायोस (मशीन सुरू होताना आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) मूळ सेटिंगवर गेलं आहे आणि साटाचा मोड, म्हणजे कंट्रोलरने डिस्कशी बोलण्याची पद्धत, बदलला आहे. बॅटरी बदला, मोड पूर्वीचा ठेवा, विंडोज उठेल.

जाणूनबुजून आयडीई (जुनी पद्धत) किंवा रेड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) मोडमधून एएचसीआय या साटाच्या नेहमीच्या मोडवर जायचं असेल, तर आधी एमएसकॉन्फिगमध्ये बूट टॅबवर सेफ बूट, मिनिमल निवडा. रीस्टार्ट करताना बायोसमध्ये शिरून मोड बदला. विंडोज सेफ मोडमध्ये उठून योग्य ड्रायव्हर घेईल, मग सेफ बूटची खूण काढा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच हाताशी हवी. शिवाय सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड आठवत असू द्या. दोन डिस्कांची खरीखुरी रेड जोडणी असलेल्या मशीनवर मात्र मोडला हात लावू नका.

१२९ च्या नोंदी येत राहिल्या तर पॉवर ऑप्शन्समध्ये हाय परफॉर्मन्स निवडा, हार्डडिस्क बंद करण्याची वेळ ‘नेव्हर’ करा आणि बायोसमध्ये अॅग्रेसिव्ह लिंक पॉवर मॅनेजमेंट असेल तर ते बंद करा. एएचसीआय मोड असताना इंटेलचा ड्रायव्हर कुरकुरत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून मायक्रोसॉफ्टचा ‘स्टँडर्ड साटा एएचसीआय कंट्रोलर’ लावून पाहता येतो.

बोर्ड गेला, हे कधी म्हणायचं

विंडोजला बाजूला ठेवून एकदा उबंटूच्या (लिनक्सचा एक प्रकार) पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा, काही जीबी वाचा आणि टर्मिनलमध्ये कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे संदेश पाहा. तिथे ‘आयसीआरसी’ आणि ‘हार्ड रीसेटिंग लिंक’ दिसलं तर दोष वाटेत. ‘यूएनसी’ दिसलं तर दोष डिस्कच्या पृष्ठभागावर. काहीच आलं नाही तर विंडोजच्या ड्रायव्हरकडे परत जा.

नवी केबल, वेगवेगळे पोर्ट, चांगला एसएमपीएस, आणि दुसऱ्या मशीनवर निमूट चालणारी डिस्क. एवढं करूनही एरर येत असेल तरच मदरबोर्डवर बोट ठेवा. तेव्हाही बोर्ड लगेच बदलायला नको. पीसीआय एक्सप्रेस खाचेत बसणारं दोन पोर्टांचं साटा कार्ड लावा आणि बायोसमधून आतले पोर्ट बंद करा. जुन्या मशीनला एवढं पुरतं. फक्त त्या कार्डावरून बूट होतं का, हे विकत घेण्याआधी विचारा.

उलट दोष डिस्कच्या सर्किट बोर्डात निघाला, तर त्याच मॉडेलचा बोर्ड आणून लावून भागत नाही. त्या डिस्कची स्वतःची जुळवणी बोर्डावरच्या छोट्या चिपमध्ये असते, ती नव्या बोर्डावर डकवावी लागते. डिस्क वॉरंटीत असेल तर लेबलवरचा सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून मुदत तपासा आणि बदलून घ्या. बदली मिळते ती रिकामी डिस्क, जुना डेटा परत येत नाही. त्यामुळे देण्याआधी कॉपी झाली आहे ना ते बघा, आणि जुनी डिस्क अजून चालत असेल तर ती पुसूनच द्या.