आधी पंप, मग ब्रश

सिडकोत थंडी पडायला लागली की माझा दमा जागा होतो. अकरा वर्षं झाली, पंप घेतेय. गेल्या डिसेंबरात चहा पिता पिता आमच्या ह्यांनी मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली: हिरड्यांत जंतू असले की म्हणे दमा होत नाही. "बघ, उगाच दोन-दोनदा दात घासत बसतेस!" ह्यांना निमित्तच हवं होतं. रात्रीचा ब्रश ह्यांनी लग्नापासून केलेला मी पाहिला नाही.

बातमी तशी खोटी नव्हती. अमेरिकेतल्या ९ हजारांहून जास्त लोकांचं रक्त तपासून केलेला तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा जंतू दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत, हवा पोचत नाही तिथे, घर करतो. त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे जंतूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, ज्यांच्या रक्तात जास्त, त्यांच्यात दमा कमी आढळला. एवढंच. हिरड्या सडू द्या, दमा जाईल, असं त्यात कुठेही नाही. आणि २०१४ साली ब्राझीलमधल्या अभ्यासात उलटंच दिसलं: तीव्र दमा असलेल्यांमध्ये हिरड्यांचा आजार जास्त.

मला त्याचं नवल वाटलं नाही. रात्री नाक चोंदलं की आपण तोंडाने श्वास घेतो, तोंड कोरडं पडतं, आणि लाळ आटली की जंतूंचं फावतं. त्यात रोजच्या पंपातलं स्टिरॉइड थोडं जिभेवर, घशात राहतंच. मला एकदा त्यानेच जिभेवर दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके आले होते. ती बुरशी होती.

म्हणून माझा पंप आता बेसिनवरच्या फळीवर, ब्रशशेजारी असतो. सकाळी आणि रात्री आधी पंप. मग चूळ भरायची, घशापर्यंत खळखळून गुळण्या करायच्या आणि पाणी थुंकायचं, गिळायचं नाही. त्यानंतर ब्रश. पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, लावला तर औषध घशात कमी चिकटतं. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळत ठेवा. फडक्याने पुसला की आतून औषध चिकटायला लागतं.

ब्रश मऊ घ्या. केस दातावर सपाट टेकवू नका, तिरके धरून हिरडीच्या कडेला लावा आणि जागच्या जागी हलकेच हलवा. धुणं घासल्यासारखं नको. दोन मिनिटं लागतात, घड्याळ लावून बघा, फार लांब वाटतात. सुरुवातीला फेस गुलाबी दिसेल. रक्त आलं म्हणून लोक तेवढीच जागा सोडून घासतात, आणि नेमकं तिथेच किटण साठतं. आठवडा-दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही तर दातांच्या डॉक्टरकडे जा.

आमच्या सासूबाईंची मिश्री हा वेगळाच अध्याय. त्या तंबाखू तव्यावर भाजायच्या आणि त्या धुराने माझी छाती भरायची. त्यांच्या हिरड्या तर मिश्रीनेच गेल्या. आता भाजणं बंद झालंय, पण डबी अजून उशाखाली आहे.

दातांच्या दवाखान्यात जाताना निळा, म्हणजे धाप लागली की घ्यायचा, पंप पर्समध्ये टाका आणि खुर्चीत बसण्याआधी दमा असल्याचं सांगा. वेदनाशामक गोळी लिहून देताना तर आठवणीने सांगा, कारण अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन अशा गोळ्यांनी काही दमेकऱ्यांना धाप लागते.

शेवटी मार्चमध्ये ह्यांनाही दात साफ करायला नेलं. घरी आल्यावर आरशासमोर उभे राहून म्हणाले, "दातांत फटी पाडल्या त्याने!" फटी आधीपासून होत्या. किटणाने बुजल्या होत्या.