क्रोएशियाची गाईडेड टूर घेताय? मग आधी हे विचारा

शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) चालतो, 2023 पासून युरो पण चालतात, तो भाग सोपा. टूरवाल्याला आधी विचारा, प्लिटविचे नॅशनल पार्कला किती तास देणार? 16 तळी आहेत, एकातलं पाणी दुसऱ्यात धबधब्याने उतरतं, आणि चालायचं लाकडी फळ्यांवरून, पाऊस पडला की त्या जाम निसरड्या होतात म्हणून ग्रिपवाले शूजच घाला. पोहायला बंदी आहे, कॉस्च्युम समुद्रकाठच्या स्प्लिट शहरासाठी ठेवा.

स्प्लिटमधला रोमन सम्राट डायोक्लेशियनचा राजवाडा 1700 वर्षं जुना, पण म्युझियमसारखा बंदिस्त नाही, आत लोक राहतात, वर दोरीवर कपडे वाळतायत नि खाली कॅफे. गाईडचं बोलून झालं की तासभर एकटेच भटका.

डुब्रोव्निकची तटबंदी जवळपास 2 किमी, वर सावलीच्या नावाने बोंब, दुपारी चढवत असतील तर सरळ नाही म्हणा. आणि हो, स्प्लिटहून तिकडे जाताना बस पेल्येशात्सच्या पुलावरून नेणार ना? 2022 ला सुरू झालाय तो, जुन्या रस्त्याने मध्येच बोस्नियाची बॉर्डर लागते, सिंगल एन्ट्री, म्हणजे एकदाच आत येऊ देणारा व्हिसा असेल तर परत येताना पंचाईत.

शाकाहारी असाल तर ब्लिट्वा मागवा, पालकासारखा पाला, बटाटा नि लसूण.