जुनं रंधा मशीन घेताय? आधी या चुका टाळा

कुठेतरी एखादा फर्निचरचा कारखाना बंद पडतो आणि मग फोन येतो, दादा रंधा मशीन निघालंय, सोबत थिकनेसर (लाकूड एकसारख्या जाडीचं करणारं मशीन) आणि बँड सॉ (पट्ट्याची करवत) पण आहे, घेऊ का? मागून फोटो येतात. फोटोत एकतर टेबलावर लाल गंज असतो नाहीतर कालपरवा मारलेला चकचकीत हिरवा रंग. गंजकं मशीन बघून लोक मागे फिरतात आणि रंगवलेल्याला तिथल्या तिथे बयाणा देऊन येतात. मी स्वतः बरीच वर्षं जुनी मशीनं उघडून परत उभी करतोय, म्हणून कळकळीने सांगतो, गंज आणि रंग या दोन गोष्टींवरून निर्णय घेऊच नका, कारण वरवरचा गंज डिझेल आणि स्क्रबर घेऊन एका रविवारी निघतो पण रंगाखालची चीर जन्मभर निघत नाही.

चीर न शोधणं

ही सगळ्यात महाग चूक. मशीनचं अंग बिडाचं असतं आणि बीड वाकत नाही, सरळ तडकतं. टेम्पोतून उतरवताना पडलं, कोणी टेबलाला साखळी लावून उचललं, की चीर गेली. मग पुट्टी भरायची, वर रंग मारायचा आणि विकायचं. बघायची पद्धत सोपी आहे, संशयाच्या जागी रॉकेल लावा (हल्ली रॉकेल कुठे मिळतंय, डिझेल चालतं), पाच मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. चीर असेल तर आत मुरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर केसासारखी काळी रेघ उमटते. रंग जाड असेल तर मालकाला विचारून आधी तेवढ्या जागेचा खरवडा, तो नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे. छोट्या हातोडीने हलकेच ठोकून पण बघा, चांगलं बीड टण्णकन वाजतं, तडकलेलं बद्द आवाज देतं.

पायाला चीर असेल तर निकेल रॉडने वेल्डिंग करून भागतं, किंमत पाडा आणि घ्या. पण बेअरिंगच्या घरात किंवा टेबल ज्या तिरक्या खाचेवर सरकतं तिथे चीर असेल तर फुकट दिलं तरी नको.

नुसतं चालू करून बघणं

विकणारा बटण दाबतो, मशीन घूंऽऽ करून फिरतं, सगळे खूश. फिरणं म्हणजे काहीच नाही हो. मशीन बंद ठेवा, मेन काढा, पट्टा उतरवा आणि कटर ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता दांडा, हाताने फिरवा, पात्यांपासून बोटं लांब ठेवून. खरखर लागली तर बेअरिंग गेलंय, ठीक आहे, बदलता येतं. त्यावर 6206 लिहिलं असेल तर आतला व्यास 30, बाहेरचा 62 आणि जाडी 16 मिलिमीटर, हे माप जगभर एकच आणि आजही कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं, म्हणजे ती भीती नाही. भीती वेगळी आहे. ब्लॉक धरून वरखाली हलवा. खडखड जाणवली तर शक्य असल्यास बेअरिंगची टोपी उघडून बघायला मागा, आत शाफ्टवर किंवा घराच्या आतल्या भिंतीवर ओळीने बारीक पंच मारलेले दिसले तर समजा की बेअरिंग ढिलं होऊन आपल्या जागेतच फिरत होतं आणि कोणीतरी पंचाने धातू उचलून ते तात्पुरतं घट्ट केलंय. नवीन बेअरिंग टाकलं तरी थोड्या दिवसांत पुन्हा तेच. त्याला टर्नरकडे बुश मारून घर परत बोअर करावं लागतं, तो खर्च मशीनच्या किमतीत आधीच धरा.

चौकोनी ब्लॉक चालवून घेणं

हे वाचून कोणी एक जण जरी थांबला तरी मला समाधान आहे. फार जुन्या रंध्यांना गोल नाही तर चौकोनी कटर ब्लॉक असतो, चारपैकी दोन किंवा चारही बाजूंना पाती बोल्टने आवळलेली. चौकोन फिरतो तेव्हा त्याच्या सपाट बाजूसमोर आणि टेबलाच्या ओठामध्ये मोठी फट पडते, बोट घसरलं तर त्या फटीत आत ओढलं जातं आणि मग नुसतं टोक नाही, अर्धा हात जातो. गोल ब्लॉकला ही फट अगदी कमी असते. ब्रिटनमध्ये हाताने लाकूड सरकवायच्या रंध्यावर गोल ब्लॉकच हवा असा नियम 1922 सालीच झाला, आणि आपल्याकडे आजही चौकोनी ब्लॉकवाली मशीनं भंगारातून निघून परत कामाला लागतात. असं मशीन घ्यायचंच असेल तर गोल ब्लॉक बसवूनच चालवा, नाहीतर सोडून द्या.

मोटरची पाटी न वाचणं

पाटीवर खंडेनवमीचं हळदकुंकू, गंध आणि तेलाचे थर चढलेले असतात, कोणाला हात लावायचं धाडस होत नाही. मनोभावे नमस्कार करा आणि ओल्या फडक्याने पुसा, कारण खाली लिहिलेला आरपीएमचा (मिनिटाला किती फेरे) आकडा तुमच्या जिवाशी संबंधित आहे. मी साताऱ्याकडून एक 12 इंची रंधा आणला होता, विकणारा म्हणाला मोटर जळली होती, नवीन टाकलीय. घरी येऊन पाटी पुसली तर 2880. मोटरवरची पुली 6 इंच आणि ब्लॉकवरची अडीच, म्हणजे ब्लॉक मोटरच्या 2.4 पट फिरणार. मूळची मोटर 1440 ची असणार, तिच्यावर ब्लॉक साधारण 3450 ला फिरत होता, आता तोच 6900 ला फिरला असता, दुप्पट वेग म्हणजे पात्यांवर बाहेर फेकणारा जोर चौपट, आणि बोल्ट चाळीस वर्षांपूर्वीचे. पुल्या बदलून वेग जागेवर आणला आणि मगच बटण दाबलं. गोल करवतीला पण हाच हिशोब करा, पात्यावर जास्तीत जास्त आरपीएम छापलेला असतो तो बघा.

दुसरी गोष्ट फेजची. घरी सिंगल फेज आहे, व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज करून देणारा डबा) लावून थ्री फेज मोटर चालवू असं बरेच जण ठरवून येतात. चालते, पण साधी 230 व्होल्टची व्हीएफडी बाहेर 230 च देते, 415 नाही. मोटरच्या वायंडिंगची टोकं जोडायच्या दोन पद्धती, स्टार आणि डेल्टा. मोटर 415 ला स्टारमध्ये जोडलेली असेल आणि टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं बाहेर काढलेली असतील तर ती डेल्टात जोडून 230 वर नीट चालेल. पण 415 ला आधीच डेल्टात असलेली मोटर, आणि मोठ्या मोटरी बहुतेक तशाच असतात, तिथे हा मार्ग बंद, मग नवीन मोटर घ्या किंवा महावितरणकडे थ्री फेजचा अर्ज करा. म्हणून बॉक्सचं झाकण उघडून फोटो काढून आणा, वायरमनला दाखवा, मग पैसे द्या.

टेबल डोळ्याने बघणं

डोळ्याला सगळंच सरळ दिसतं. एक खात्रीची सरळपट्टी आणि फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा) न्या, पट्टीखाली 0.1 मिलिमीटरचं पातं सरकलं नाही तर सुतारकामाला भरपूर झालं. पीळ बघायला दोन दोरे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ताणून क्रॉस करा, मध्ये एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत, मग वरचा दोरा खाली घेऊन परत बघा.

हरवलेल्या पार्टला घाबरणं

इथे मात्र उलटं सांगतो, थोडं धाडस करा. फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची उभी पट्टी) नाही, हँडव्हील नाही, गार्ड (पात्यांवरचं झाकण) नाही, म्हणून चांगलं मशीन सोडलेलं मी बघितलंय. थिकनेसरचा गिअर नमुना देऊन कापून मिळतो. बिडाचा पार्ट हवा तर कोल्हापूरच्या फाउंड्र्या आहेत, आणि आपण तर लाकडाची माणसं, पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा लाकडी नमुना, आपणच करू शकतो! फक्त तुटक्या पार्टच्या मापाने पॅटर्न करू नका, बीड थंड होताना साधारण 1 टक्का आकसतं, फुटाला एक सूत (इंचाचा आठवा भाग), तेवढं वाढवा आणि जिथे मशीनिंग होणार तिथे अजून दोनतीन मिलिमीटर ठेवा. गार्ड मात्र पहिल्याच दिवशी बनवा, बाकी कामं थांबली तरी चालतील. आणि जुन्या मशीनचे आटे बऱ्याचदा इंचाचे असतात, एमएमचा पाना जबरदस्तीने घालून नटाची डोकी गोल करू नका, सुतातले पाने शोधून आणा.

ओंडके चिरायची मोठी आरा कोणी स्वस्तात देत असेल तर एक लक्षात ठेवा, आरागिरणीला वनखात्याचं लायसन्स लागतं, ते मशीनबरोबर आपोआप येत नाही. सरकारी किंवा रेल्वेच्या लिलावात माल "जसा आहे जिथे आहे" असाच मिळतो, नंतर तक्रार चालत नाही, म्हणून बघायला दिलेल्या तारखेला प्रत्यक्ष जाऊनच या.

मशीन घरी आलं की पाती काढूनच पहिल्यांदा चालवा, अर्धा तास रिकामं. बंद करून, ब्लॉक पूर्ण थांबल्यावर बेअरिंगच्या घरावर हात ठेवा, कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर परत उघडा. मग मेन काढून पाती लावा, मागच्या टेबलावर एक सरळ लाकडी पट्टी ठेवून ब्लॉक हाताने फिरवा, पातं पट्टीला किंचित पुढे ओढेल, तिथे पेन्सिलची खूण करा, मग पट्टी पात्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन परत तेच करा. दोन्हीकडे सारखीच सरकली की पातं बरोबर बसलं, आता बोल्ट आवळा आणि दुसऱ्या पात्याला हात घाला.